पूरनकाशांची पाठशुद्धि

१. प्रस्ताव

जुन्या कागदपत्रांवर काम करणारास एक गोष्ट पदोपदीं अनुभवास येते. ती ही कीं, कागद बनावट नसला तरी त्यांतील मजकूर चुकीचा असूं शकतो. मूळ लिहिणारा प्रामाणिक, नक्कल करणाराहि प्रामाणिक. तरी एका ओळीवरची नजर दुसरीवर जाते, सन कोणता तें न लिहितां नुसता आंकडा लिहिला जातो, समासांतील दुरुस्ती पुढील नकलेंत उतरत नाहीं, आणि दोन पिढ्यांनंतर त्याच चुकीवर वतनाचा तंटा उभा राहतो. नकाशा हाहि एक कागदच आहे. त्यासहि मूळ प्रत, नक्कल, नकलनवीस व संपादक असतात. परंतु नकाशावरील रेघ पाहतांच ती प्रत्यक्ष जमिनीवर ओढलेली आहे असा भास होतो, व तिची पाठचिकित्सा करण्याची बुद्धि सहसा होत नाहीं.

प्रस्तुत लेखाचा विषय अशीच एक रेघ आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत नदीकांठच्या व समुद्रकांठच्या वस्त्यांचे पूरनकाशे सरकार प्रसिद्ध करतें. घर पूरक्षेत्राच्या रेघेच्या आंत पडलें कीं बाहेर, यावर घरमालकाचा खर्च, घराची किंमत आणि प्रसंगीं कुटुंबाचा जीव अवलंबून असतो. रेघ चुकली असल्यास ती दुरुस्त करून घेण्याची एक रीतसर पद्धति तेथें रूढ आहे. त्या पद्धतीचा इतिहास, तींत ग्राह्य धरला जाणारा पुरावा, आणि तींत राहून गेलेली एक मोठी उणीव, यांचा विचार येथें करावयाचा आहे. विषय परदेशचा असला तरी त्यांतील प्रश्न हस्तलिखितें पारखणारास अगदीं ओळखीचा वाटेल, अशी आशा आहे.

२. नकाशाची उत्पत्ति

इ. स. १९२७ सालीं मिसिसिपी नदीस महापूर आला व पुढील वर्षीं, म्हणजे १९२८ सालीं, तेथील सरकारनें पूरनियंत्रणाचा कायदा केला. त्या काळची समजूत अशी कीं, बांध उंच केले व धरणें बांधलीं म्हणजे पूर आटोक्यांत राहील. गिल्बर्ट व्हाइट या भूगोलशास्त्रज्ञानें शिकागो विद्यापीठांत लिहिलेल्या व १९४५ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रबंधांत या समजुतीस हरकत घेतली. त्याचें प्रतिपादन थोडक्यांत असें कीं, नदी आवरण्याकडे जितकें लक्ष दिलें जातें तितकेंच वस्ती आवरण्याकडेहि दिलें पाहिजे. आतां वस्ती आवरावयाची तर पाण्याची वाट कोठून कोठपर्यंत आहे, हें आधीं कागदावर दाखविलें पाहिजे. पूरनकाशाच्या कल्पनेस येथून बळ मिळालें. टेनेसी नदीच्या खोऱ्यासाठीं स्थापन झालेल्या प्राधिकरणानें १९५३ पासून निरनिराळ्या गांवांचे पूरवृत्तांत तयार करून स्थानिक अधिकाऱ्यांस देण्याचा उपक्रम सुरू केला.

पुराचा विमा सरकारनें उतरावा असा कायदा १९५६ सालींच झाला होता. परंतु त्यासाठीं पैसा मंजूर न झाल्यामुळें तो कागदावरच राहिला. पुढें १९६५ सालच्या सप्टेंबरांत बेट्सी नांवाच्या वादळानें लुइझियाना प्रांताची मोठी हानि केली व प्रश्न पुनः ऐरणीवर आला. त्यांतून १९६८ सालचा राष्ट्रीय पूरविम्याचा कायदा निघाला. या कायद्यान्वयें पूरक्षेत्रांचे नकाशे काढण्याचें काम हातीं घेण्यांत आलें. तरी विमा घेणें ऐच्छिक होतें. १९७२ सालच्या जूनमध्यें अ‍ॅग्नेस वादळानें पूर्वेकडील प्रांतांत हाहाकार केला, तेव्हां विमा उतरविलेले लोक फारच थोडे निघाले. म्हणून १९७३ अखेर दुसरा कायदा होऊन असें ठरलें कीं, पूरक्षेत्रांतील घर तारण ठेवून सरकारी नियंत्रणाखालील पेढीचें कर्ज घ्यावयाचें तर त्या घराचा पूरविमा उतरविलाच पाहिजे. १९७९ सालीं हें सारें काम संघीय आपत्ति-व्यवस्थापन संस्थेकडे आलें. तिच्या नांवाच्या आद्याक्षरांवरून तिला 'फेमा' म्हणतात.

या इतिहासांतील लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट १९७३ ची आहे. तोंपर्यंत नकाशावरील रेघ ही माहिती होती. त्या वर्षापासून तो हुकूम झाला. माहिती चुकली तर वाचणारा ती सोडून देतो. हुकूम चुकला तर त्याविरुद्ध दाद मागावी लागते.

३. रेघ कशी निघते

पूरक्षेत्राची रेघ नदीकांठीं उभें राहून कोणी डोळ्यांनीं पाहून काढीत नाहीं. ती अनेक नकलांच्या शेवटीं तयार होते. प्रथम नदीच्या प्रवाहाचीं जुनीं मापें घेतात. त्यांवरून गणितानें असा पूर ठरवितात कीं, तेवढा किंवा त्याहून मोठा पूर कोणत्याहि एका वर्षांत येण्याचा संभव शेंकडा १ असावा. यास आधारपूर म्हणूं. तिसऱ्या पायरीस नदीच्या पात्राचे आडवे छेद घेऊन, पुलांचे अडथळे जमेस धरून, तेवढें पाणी ठिकठिकाणीं किती उंचीस पोंचेल तें काढतात. ही आधारपुराची पातळी होय. चौथ्या पायरीस ती पातळी जमिनीच्या उंचीशीं ताडून पाणी बाजूस कोठवर पसरेल तें ठरवितात. शेवटीं ती वांकडीतिकडी रेघ रस्ते व घरें दाखविणाऱ्या नकाशावर उतरवितात.

लोकभाषेंत या आधारपुरास शंभर वर्षांचा पूर म्हणतात, व त्या नांवामुळेंच गैरसमज होतो. एकदां येऊन गेला म्हणजे शंभर वर्षें निश्चिंती, असा त्याचा अर्थ नव्हे. तीस वर्षांच्या मुदतीचें गृहकर्ज घेतलें तर त्या मुदतींत तसा पूर निदान एकदां येण्याचा संभव शेंकडा २६ पडतो.

वरील पांच पायऱ्यांपैकीं प्रत्येक पायरीवर नवा हात लागतो. म्हणजे घरमालकाच्या हातीं येणारा नकाशा ही मूळ प्रत नसून पांचव्या पिढींतील नक्कल असते.

४. चुकांचे प्रकार

या नकलांत शिरणाऱ्या चुका मुख्यतः चार प्रकारच्या आहेत.

पहिली चूक उतरवून घेण्यांतली. पाण्याची कड वांकडी असते. रस्ते व मालमत्तेच्या सीमा बहुधा सरळ असतात. लहान प्रमाणाच्या नकाशावर वांकडी रेघ उतरवितांना एखादा नैसर्गिक उंचवटा, व त्यावरील घर, पाण्यांत ओढलें जातें. नवल वाटण्याजोगी गोष्ट ही कीं, अमेरिकन सरकारच्या नियमसंग्रहांतील नकाशादुरुस्तीच्या प्रकरणांत दुरुस्तीचें कारण म्हणून नेमका हाच दोष सांगितला आहे: वक्र रेघ रस्त्यांवर अथवा इतर ओळखीच्या खुणांवर उतरवितांना मालमत्ता अनवधानानें आंत ओढली गेली, असा त्याचा आशय. आपल्या नकलेंत हस्तदोष राहिला असण्याचा संभव सरकारनें स्वतः नियमांत मान्य करावा, हें विरळाच आढळतें.

दुसरी चूक शून्याची. अमुक जागा १२ फूट उंच आहे म्हणजे कोठून उंच? अमेरिकेंत उंची मोजण्याचें एक शून्य १९२९ सालीं ठरलें. त्यासाठीं संयुक्त संस्थानांतील २१ व कॅनडांतील ५ अशा २६ ठिकाणच्या भरतीओहोटीच्या मापांचा आधार घेतला होता. पुढें १९८८ चें म्हणून ओळखलें जाणारें दुसरें शून्य आलें. तें कॅनडांतील क्वेबेक प्रांतांत रिमूस्की येथील एकाच खुणेवर आधारलेलें आहे. या दोन शून्यांतील फरक सर्वत्र सारखा नाहीं. मुख्य भूमीवर कोठें नवा आंकडा जुन्याहून ४० सेंटिमीटरपर्यंत कमी येतो, तर पश्चिमेकडील पहाडी मुलखांत तो दीड मीटरपर्यंत अधिक येतो.

ही अडचण आपल्या वाचकांस समजावून सांगण्याची गरज नाहीं. कागदावर नुसतें 'सन ११६१' असेल तर तो शुहूर कीं फसली हें आधीं ठरवावें लागतें. शुहूर असल्यास तें १७६०-६१, म्हणजे पानिपतचें वर्ष. फसली असल्यास १७५१-५२. आंकडा एकच, अंतर नऊ वर्षांचें. तीच गोष्ट उंचीची. समजा, जुन्या मोजणीप्रमाणें घराच्या पायथ्याची जमीन १२.४ फूट आहे व नव्या नकाशांत आधारपुराची पातळी १२.० फूट दिली आहे. वरवर पाहतां घर कोरडें. परंतु त्या भागांत नवा आंकडा जुन्याहून १.२ फुटांनीं कमी येत असेल तर जमिनीची खरी उंची ११.२ फूट होते व घर पाण्यांत जातें. जंत्री न पाहतां दोन सन एकाच ओळींत मांडण्यासारखाच हा प्रमाद आहे. त्याचे परिणाम नुसते कागदी नसतात. २००५ सालच्या ऑगस्टांत कॅट्रिना वादळांत न्यू ऑर्लिन्स शहर बुडालें. त्यानंतर अमेरिकन लष्करी अभियंत्यांनीं नेमलेल्या चौकशी-मंडळास असें आढळून आलें कीं, उंचीच्या शून्याचा अर्थ लावण्यांत चूक झाल्यामुळें तेथील कालव्यांवरील भिंती योजिल्यापेक्षां एक ते दोन फूट ठेंगण्या बांधल्या गेल्या होत्या.

तिसरी चूक काळाची. नकाशा काढला तेव्हां तो बरोबर होता, पण पुढें माळावर घरें झालीं, ओढे नळांत घातले, किंवा जमीनच खचली. ह्यूस्टन शहराच्या परिसरांत भूगर्भांतील पाणी उपसल्यामुळें विसाव्या शतकांत कांहीं भागांत जमीन सुमारें १० फूट खालीं गेली. तिला आळा घालण्यासाठीं १९७५ सालीं स्वतंत्र मंडळ स्थापावें लागलें. अशा ठिकाणीं मोजणीची पातळीखूण, जीस बेंचमार्क म्हणतात, तीहि जमिनीबरोबर खचते. तिच्यावर कोरलेला आंकडा मात्र तसाच राहतो.

चौथी चूक तुटपुंज्या साधनांची. कित्येक नकाशांत पूरक्षेत्र दाखविलेलें असतें, पण आधारपुराची पातळी काढलेलीच नसते. रेघ अंदाजानें ओढलेली असते. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेनें २००९ सालीं फ्लॉरिडा व उत्तर कॅरोलायना येथील उदाहरणें तपासून असा निष्कर्ष काढला कीं, नकाशाच्या अचूकपणास सर्वांत अधिक कारण होतें तें जमिनीच्या उंचीचें माप. गणित कितीहि सूक्ष्म केलें तरी खालची जमीन ढोबळ मोजलेली असेल तर रेघ ढोबळच येते. विमानांतून लेसर-किरण टाकून जमिनीची उंची घेण्याची रीत आल्यापासून या बाबतींत मोठी सुधारणा झाली आहे.

५. दुरुस्तीची रीत व पुराव्याचा विचार

नवा नकाशा लागू होण्यापूर्वीं पुराच्या प्रस्तावित पातळ्या जाहीर होतात, व स्थानिक वृत्तपत्रांत दुसरी नोटीस छापल्यापासून ९० दिवसांत हरकत घेतां येते. हरकत मात्र शास्त्रीय अगर तांत्रिक पुराव्याची हवी. घराची किंमत उतरेल, विमा परवडणार नाहीं, या तक्रारी कितीहि खऱ्या असल्या तरी त्यांनीं पाण्याची पातळी बदलत नाहीं, असा तेथील न्याय आहे. वाद न मिटल्यास तटस्थ तज्ज्ञांच्या मंडळाकडे जाण्याची सोय २०१० पासून झाली व २०१२ च्या कायद्यानें ती पक्की झाली.

नकाशा लागू झाल्यावर एकेका घरासाठीं जी रीत आहे ती अधिक मनोरंजक आहे. मालक किंवा पट्टेदार नकाशादुरुस्तीच्या पत्रासाठीं अर्ज करतो. अर्जासोबत नोंदलेल्या खरेदीखताची अथवा नोंदलेल्या आराखड्याची प्रत, नकाशावर घराची जागा दाखविणारा भाग, आणि परवानाधारक भूमापकानें किंवा अभियंत्यानें प्रमाणित केलेली उंची जोडावी लागते. उंची कोणती? घराच्या जोत्याची नव्हे, तर घराच्या भिंतीस लागून असलेल्या जमिनीपैकीं सर्वांत खालच्या जागेची. ती आधारपुराच्या पातळीइतकी किंवा तिच्याहून वर असेल तर घर पूरक्षेत्राबाहेर असल्याचें पत्र मिळतें. संपूर्ण जमिनीसाठीं अर्ज असेल तर त्या जमिनींतील सर्वांत नीच बिंदु धरतात. नैसर्गिक उंचवट्यासाठीं सरकार शुल्क घेत नाहीं, व सर्व कागद पोंचल्यावर ६० दिवसांत निर्णय द्यावा असा नियम आहे. भूमापकाचा खर्च मात्र मालकाचा. भर घालून उंच केलेल्या जमिनीची रीत वेगळी असून तिला शुल्क पडतें.

येथें पुराव्याची जी वाटणी केली आहे ती संशोधकानें पाहण्यासारखी आहे. खरेदीखत जागेची ओळख पटवितें, पण उंचीविषयीं कांहीं सांगत नाहीं. भूमापकाचा दाखला उंची सांगतो, पण ती कोणत्या शून्यापासून हें त्यावर लिहिलेलें नसेल तर तो निरुपयोगी. आणि 'आमच्या घरांत चाळीस वर्षांत पाणी आलें नाहीं' ही मालकाची साक्ष या निवाड्यांत मुळींच मोजली जात नाहीं. हें कठोर वाटलें तरी न्याय्य आहे. चाळीस कोरडीं वर्षें हा शेंकडा १ च्या संभवाविरुद्ध पुरावा होत नाहीं. तसा पूर चाळीस वर्षांत एकदांहि न येण्याचा संभव शेंकडा ६७ इतका असतो.

कधीं कधीं असेंहि निघतें कीं, नकाशांत चूक नसून वाचणाऱ्यानें तो चुकीचा वाचला. घर रेघेबाहेरच असतें, पण कर्ज देणाऱ्या पेढीच्या वतीनें पाहणारानें तें आंत धरलेलें असतें. अशा वेळीं 'नकाशाप्रमाणें घर बाहेरच आहे' एवढाच निर्णय दिला जातो. वाचनदोष व पाठदोष यांतील हा भेद आपल्या परिचयाचाच आहे.

पत्र मिळाल्यावर विमा घेण्याची कायदेशीर सक्ति सुटते. तरी पेढीस वाटल्यास ती आपल्या कर्जाची अट म्हणून विमा मागूं शकते. २०२१ च्या ऑक्टोबरापासून विम्याचा हप्ता केवळ क्षेत्रावरून न ठरवितां नदीपासूनचें अंतर, घराची उंची, बांधणीचा खर्च इत्यादींवरून ठरविण्याची नवी पद्धति सुरू झाली. सक्ति मात्र अद्याप नकाशावरील रेघेवरच अवलंबून आहे. म्हणून रेघेच्या दुरुस्तीचें महत्त्व कमी झालेलें नाहीं.

६. समासांतील दुरुस्ती

या पत्रानें छापील नकाशा बदलत नाहीं. रेघ जेथें होती तेथेंच राहते. पत्र हें तिच्या समासांत लिहिलेल्या टीपेसारखें असतें. पुढें त्या भागाचा नवा नकाशा निघाला म्हणजे पूर्वींच्या सर्व पत्रांची यादी करून त्यांची वर्गवारी होते. कांहीं दुरुस्त्या नव्या नकाशांत उतरतात. कांहीं प्रमाणाच्या मर्यादेमुळें उतरत नाहींत, पण कायम म्हणून पुनः जाहीर होतात. कांहीं नव्या पातळीमुळें रद्द होतात. कांहींचा पुनर्विचार करावा लागतो. ज्याचें पत्र रद्द झालें त्यास पुनः आरंभापासून पुरावा मांडावा लागतो.

समासांतील शुद्धि पुढच्या नकलनवीसानें गाळली म्हणून मूळचा अपपाठ पुनः रूढ झाल्याचीं उदाहरणें ग्रंथसंग्राहकांनीं पाहिलीं असतीलच. अमेरिकन पद्धतींत हा धोका ओळखून यादी करण्याचा नियम केला, ही तिची जमेची बाजू. परंतु घर विकलें जातें, कागद एका हातांतून दुसऱ्या हातांत जातात, व पत्र कोणाच्या तरी पेटींत राहतें. नव्या मालकास तें आहे हेंच ठाऊक नसतें. अशा वेळीं सरकारी दप्तर नीट लागलेलें असणें हाच आधार.

७. एकाच बाजूची दुरुस्ती

आतां या पद्धतींतील मुख्य उणीवेकडे वळूं. वर वर्णिलेली घरापुरती रीत ही चुकून आंत धरलेल्या घरास बाहेर काढण्याची आहे. चुकून बाहेर राहिलेल्या घरास आंत घेण्यासाठीं तशी रीत नाहीं, व असती तरी तिचा अर्ज कोणी केला असता असें वाटत नाहीं. ज्याच्या घराची किंमत रेघेबाहेर राहण्यांत आहे, तो आपण होऊन भूमापकास पैसे देऊन रेघेच्या आंत जाईल, ही अपेक्षा व्यर्थ होय. अशी चूक सांपडते ती सर्व प्रदेशाचा नवा अभ्यास होईल तेव्हां, किंवा पाणी येईल तेव्हां.

म्हणजे चुका दोन्ही बाजूंस सारख्याच संभवनीय असतां दुरुस्त्या एकाच बाजूस जमत जातात. प्रत्येक पत्र खरें, प्रत्येकामागें मोजणीचा दाखला. तरी सर्व पत्रांची बेरीज नकाशास एका दिशेकडे झुकविते. वतनाच्या कागदांतहि हेंच होतें. जो पक्ष नागवला गेला तो दप्तर धुंडाळून कागद पुढें आणतो; ज्याचा फायदा झाला तो मौन धरतो. पुढील काळच्या इतिहासकारास मिळतात ते तक्रारीचे कागद, आणि त्यांवरून सरकारनें नेहमीं अधिकच घेतलें असें त्यास वाटूं लागतें.

ह्यूस्टन शहर ज्या हॅरिस परगण्यांत आहे तेथें २००१ सालच्या अ‍ॅलिसन वादळानंतर नकाशांची मोठी फेरतपासणी होऊन २००७ सालीं नवे नकाशे लागू झाले. पुढें २०१७ च्या ऑगस्टांत हार्वी वादळांत त्या परगण्यांत सुमारें १,५४,००० घरांत पाणी शिरलें. परगण्याच्या पूरनियंत्रण-विभागाच्या हिशेबाप्रमाणें त्यांतील दोन तृतीयांश घरें आधारपुराच्या क्षेत्राबाहेरचीं होतीं. हार्वीचा पाऊस अनेक ठिकाणीं आधारपुराच्या हिशेबापलीकडचा होता, म्हणून हा सर्व दोष रेघेचा नव्हे. परंतु नकाशाबाहेर म्हणजे धोक्याबाहेर, ही समजूत किती फोल आहे हें त्यावरून दिसून येतें.

याहून करुण उदाहरण टेक्सास प्रांतांतीलच ग्वादालुपे नदीच्या खोऱ्यांतील आहे. ता. ४ जुलै २०२५ च्या पहांटे त्या नदीस आलेल्या पुरांत मुलींच्या एका उन्हाळी शिबिरांतील २७ मुली व त्यांच्या तरुण मार्गदर्शिका मृत्यु पावल्या. त्या शिबिराची जागा २०११ सालच्या नकाशांत पूरक्षेत्रांत दाखविली होती. पुढें २०१३ सालीं, व नंतर २०१९ व २०२० सालीं, अर्जांवरून तेथील अनेक इमारती एकेक करून क्षेत्राबाहेर काढण्यांत आल्या होत्या. अर्ज नियमाप्रमाणें, निर्णय नियमाप्रमाणें. इमारतीभोंवतालच्या जमिनीचें काय, तेथून बाहेर पडण्याचा रस्ता पाण्याखालीं जातो कीं नाहीं, हा प्रश्न त्या नियमांत येतच नाहीं. एका इमारतीपुरता पाठ शुद्ध करतांना सभोंवारचा संदर्भ वाचलाच नाहीं तर काय होतें, हें यावरून ध्यानीं येईल.

यावरून दुरुस्तीची रीतच टाकून द्यावी असें कोणी म्हणूं नये. उंचवट्यावरील घराच्या मालकास दरवर्षीं विनाकारण भुर्दंड पडणें हा अन्यायच आहे, व तो दूर करण्याचा मार्ग खुला असलाच पाहिजे. सांगावयाचें एवढेंच कीं, पक्षकारांनीं आणलेल्या पुराव्यावर विसंबून नकाशा शुद्ध होत नाहीं. ज्यास रेघ आंत असण्यांत लाभ नाहीं व बाहेर असण्यांतहि नाहीं, असा तिसरा साक्षी पाहिजे. तो साक्षी म्हणजे मागील पुरांच्या, त्या त्या वेळीं कोणत्याहि अर्जाच्या हेतूवांचून करून ठेवलेल्या नोंदी.

८. आपल्याकडील कर्तव्य

महाराष्ट्रांतहि नद्यांच्या कांठीं पूररेषा आंखल्या जातात. सुमारें २५ वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची ती निळी व १०० वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची ती लाल. निळ्या रेषेच्या आंत बांधकामास मनाई व दोहोंच्या मधल्या पट्ट्यांत निर्बंध, असें सर्वसाधारण धोरण आहे. २००५, २०१९ व २०२१ सालच्या पुरांनंतर या रेषांविषयीं ठिकठिकाणीं वाद झाले. त्या वादांत शिरण्याचें हें स्थळ नव्हे. परंतु अमेरिकेंतील अनुभवावरून आपल्या साधनांची छाननी कशी करावी हें शिकण्यासारखें आहे.

शून्याचाच प्रश्न घ्या. हिंदुस्थानांतील उंचीचें शून्य १९०९ सालीं नऊ बंदरांतील भरतीओहोटीच्या मापांवरून ठरविलें गेलें. मुंबईच्या जुन्या जलनिःसारणाच्या कामांत मात्र टाउन हॉलच्या नांवानें ओळखलें जाणारें निराळें शून्य वापरलेलें आढळतें. २०१९ सालीं सांगलीच्या आयर्विन पुलापाशीं पाणी ५७ फुटांच्या वर व कोल्हापुरास राजाराम बंधाऱ्यापाशीं ५५ फुटांच्या वर गेलें, असें आपण एका दमांत बोलतों. पण ते आंकडे आपापल्या पट्टीच्या शून्यापासूनचे आहेत. त्यांची परस्परांशीं तुलना होत नाहीं.

तसाच विचार कारणाचा. ता. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें व त्याच दिवशीं खडकवासल्याचेंहि फुटून पुण्यांत मुठेचें पाणी शिरलें. त्या दिवसाची खूण एखाद्या भिंतीवर असेल तर ती अमोल आहे. परंतु ती धरण फुटण्याची खूण आहे. पावसाच्या पुराचा क्रम लावतांना ती सरसकट त्या मालिकेंत गोंवतां येणार नाहीं. साधन अस्सल असणें व तें विवक्षित प्रश्नास लागू असणें या दोन वेगळ्या गोष्टी होत.

संग्राहकांस या कामीं पुष्कळ करतां येण्यासारखें आहे. नदीकांठच्या वाड्यांच्या भिंती, घाटांच्या पायऱ्या, देवळांचे खांब यांवर पुराच्या पातळीची रेघ, आंकडा किंवा लेख कोठें आढळल्यास त्याची नोंद करावी. नोंदींत जागा, मिति, अक्षरांचें वळण, खूण कोरीव कीं रंगाची, ज्या दगडावर ती आहे तो मूळच्या ठिकाणीं आहे कीं जीर्णोद्धारांत हलविला गेला, आणि जवळच्या एखाद्या अचल वस्तूपासून तिची उंची, इतक्या गोष्टी असाव्या. जवळ सर्वेक्षण-खात्याची पातळीखूण असल्यास तीपासूनची उंची भूमापकाकडून घ्यावी व कोणत्या शून्यापासूनचा आंकडा तें स्पष्ट लिहावें. देवस्थानांच्या व पेढ्यांच्या जमाखर्चाच्या वह्या हें दुसरें साधन. पूर ओसरल्यावर घाट, भिंती व कोठारें दुरुस्त केल्याचा खर्च ज्या मितीस पडला, ती मिति व जागा पुराचा अप्रत्यक्ष पुरावा देतात. आणि खर्च लिहिणाऱ्या कारकुनाच्या मनांत पूररेषेचा विचारहि नसल्यामुळें ती साक्ष अधिक विश्वसनीय ठरते. जुनीं छायाचित्रें व नगरपालिकांचे जुने मोजणी-नकाशेहि याच दृष्टीनें तपासावे.

अशा खुणा दर पावसाळ्यांत धुवून जात आहेत, आणि वाडे पाडले जात आहेत त्यांबरोबर भिंतींवरच्या रेघाहि जात आहेत. ज्यांच्या संग्रहांत किंवा गांवांत अशी नोंद असेल त्यांनीं तिची नक्कल, जागेच्या वर्णनासह, या त्रैमासिकाकडे पाठविल्यास ती क्रमशः प्रसिद्ध करण्यास हरकत नसावी.